थप्पीतला पोळपाट

गावोगाव मंडळं असतात. त्यांना पावतीपुस्तक असतं, अध्यक्ष असतो, फ्लेक्सवर ओळीनं फोटो असतात आणि दोन वर्षांत ठरलेलं भांडणही असतं. पिंपळखेड्याच्या खालच्या गल्लीत बायांचं बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, जे चालायचं, त्याला यातलं काहीच नव्हतं. नावसुद्धा नव्हतं. तरी ते इंदिराबाईच्या सासूच्याही आधीपासून चालत आलं होतं.

होळी झाली की बारा घरच्या बारा बाया एक दिवसाआड एकीच्या घरी जमायच्या. दादर ज्वारी तीन दिवस भिजवून, भरड दळून, तिचा घाटा पहाटे चुलीवर रटरटत असायचा. त्यात लसूण, जिरं, तीळ, तिखट. गरम घाट्याची लाटी ओल्या फडक्यावर घ्यायची, पोळपाटावर पातळ लाटायची आणि फडकं तसंच उचलून खाटेवरच्या धोतरावर उलटं पाडायचं. ऊन चढायच्या आत दीड-दोनशे बिबडे व्हायला पाहिजेत. घाटा थंड झाला की तो लाटण्याचं ऐकत नाही, म्हणून हे एकट्या-दुकट्या बाईचं काम नव्हे. ज्या दिवशी जिच्या घरचे बिबडे, त्या दिवशी तिचा नंबर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत सगळ्यांचे नंबर उरकायचे.

कोणी कोणाला बोलवायचं नाही. काम झालं की बारा पोळपाट धुऊन एकावर एक रचायचे आणि ती थप्पी पुढच्या नंबरवालीच्या ओसरीत नेऊन ठेवायची. थप्पी आली म्हणजे बाया येणार. एखादीला सोडायचं असलं तर तिनं थप्पीतला आपला पोळपाट काढून घरी न्यायचा, बस्स. आणि गेलेल्या बाईला का म्हणून विचारायचं नाही, हाही नियमच.

असे चार पोळपाट गेल्या काही वर्षांत गेले होते. दोघींना भुसावळच्या दुकानात तयार बिबडे मिळायला लागले. एकीच्या सुनेनं सांगितलं, आमच्याकडे हे कोणी खात नाही. एकीचं नेमकं काय बिनसलं ते आजवर कोणाला कळलं नाही, कारण विचारायचंच नव्हतं. त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या. ज्या टिकल्या होत्या त्या काही धर्म म्हणून टिकल्या नव्हत्या. सत्तरीची भिकुबाई घाटा खायला यायची. काम संपलं की राहिलेला गरम घाटा ताटल्यांत घालून वर तेलाची धार धरत, आणि बाया तो फुंकत फुंकत खात. भिकुबाई दोन ताटल्या खायची आणि वरून तेल कमी पडलं म्हणायची. रूपाली साक्रीकडची. तिची सासू वारली तेव्हा सासूचा पोळपाट थप्पीत होता. तो काढून आणायला तिला जड गेलं, म्हणून तीच यायला लागली. बाकीच्यांपैकी निम्म्या तरी आपण गेलो नाही तर मागे आपल्याबद्दल काय बोलतील, या धाकानं येत असाव्यात.

इंदिराबाई यायची ती मानासाठी. तिच्या हातचा बिबडा इतका पातळ असायचा की ज्या घरी जाईल तिथली बाई तो वाळल्यावर उन्हात धरून बघायची. "पाह्य वं, सूर्य दिसते," म्हणायची. चाळीस वर्षं हे ऐकून इंदिराबाईला त्याची सवय झाली होती. एकसष्टाव्या वर्षी बाईचं दुसरं कोण काय कौतुक करतं!

दिवाळीत तिला ताप आला. गावात सगळ्यांनाच आला होता, अंग मोडून काढणारा. बाकीचे पंधरा दिवसांत बरे झाले. इंदिराबाईच्या उजव्या मनगटातून मात्र पकड गेली ती गेलीच. पाण्याची कळशी धरली की बोटं आपोआप सैल पडायची. भाकरी थापताना ती एका बाजूला जाड राहायची. सून मयुरी नोकरीवाल्या घरची, तिला भाकरीतलं फार कळत नव्हतं, हे बरंच होतं. नवऱ्याला, तोतारामला, जाड भाकर आवडायची. त्यामुळे इंदिराबाईनं कोणाला काही सांगितलं नाही.

यंदा तिचा नंबर चौथा होता. पण दादर भिजत घालायच्या आदल्या दुपारीच वादळ सुटलं. अर्धा तास वारा असा फिरला की तोतारामच्या घड धरलेल्या केळीतली निम्मी बाग आडवी झाली. मग बिबडे कुठले? नवरा, मुलगा हितेंद्र आणि ती स्वतः आठ दिवस पडलेली खोडं तोडत, कच्चे घड बांधावर ओढत राहिली. केळीच्या चिकानं लुगडं काळं झालं. "तुमचा नंबर शेवटी घ्या, अक्का," बाया म्हणाल्या. ती शेतातून वेळ काढून प्रत्येक नंबराला मात्र जात राहिली. उजव्या मनगटाला चिंधी बांधायची आणि विचारलं तर म्हणायची, कोयता लागला.

आणि नवल म्हणजे यंदाही बाया तिचे बिबडे उन्हात धरून बघत होत्या. इंदिराबाईलाही वाटायला लागलं होतं की हाताला एवढंही काही झालेलं नाही.

नववा नंबर भिकुबाईचा. सोमवार होता. इंदिराबाईच्या शेजारी नेहमीसारखी रूपाली बसली होती. दोघींची फडकी रूपालीच उचलून खाटेकडे न्यायची, कारण तिचे गुडघे तरुण. इंदिराबाईनं एक बिबडा लाटून बाजूला ठेवला, लाटी घ्यायला वळली, लाटी मनासारखी नव्हती म्हणून परत वळली, तर रूपालीनं तिचं फडकं आपल्या पोळपाटावर घेतलेलं, आणि ती त्यावर झर्रकन दोन लाटणी फिरवत होती.

"काय करून राह्यली वं?"

रूपालीचा हात थांबला. "काही नही, अक्का. कोर जराशी जाड व्हती."

"मह्या बिबड्याची कोर जाड?"

पलीकडे बसलेली पितांबरची बायको फिसकन हसली. तिला हसायला काहीही पुरतं. पण इंदिराबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"चाळीस वर्सं झाले मले लाटता! तुह्या माहेरी दादर पिकते तरी का? खडकावर बाजरी पेरणारे तुम्ही. मले शिकवाले आली!"

सगळ्या बायांची लाटणी थांबली. रूपालीचं तोंड उतरलं. ती फडकं घेऊन उठली, खाटेकडे गेली, बिबडा उलटा पाडला आणि परत येऊन बसली. डोळे पोळपाटावरून वर केले नाहीत. माहेर काढलेलं कोणत्या बाईला सोसतं?

"घाटा थंडा होऊन राह्यला," भिकुबाई चुलीपासून ओरडली. "तोंडं नंतर चालवा."

काम उरकलं. इंदिराबाईनं घाटा खाल्ला नाही. पोळपाट धुऊन रचले जात होते तेव्हा तिनं थप्पीतून आपला, तांब्याची पट्टी मारलेला, काढून काखेत घेतला. भिकुबाईनं पाहिलं.

"इंदिरे?"

"पाय हाले त्याचा. सुताराले दाखवते."

भिकुबाई उरलेले अकरा पोळपाट रचायला लागली. नियम तो नियम.

घरी येऊन तिनं पोळपाट धान्याच्या कोठीमागे ठेवून दिला. दुपारी मयुरीला झाडताना तो सापडला. तिनं तो जमिनीवर ठेवून हलवून पाहिला. तिन्ही पाय घट्ट होते. तिनं तो होता तसा परत ठेवला.

बुधवारी रूपालीचा नंबर. पहाटेच तिच्या घरून लसणाचा वास गल्लीभर आला. इंदिराबाईनं डोक्याला फडकं बांधलं आणि नवऱ्याच्या मागे शेतात निघाली. वादळातून वाचलेल्या केळीला बांबूचे टेकू लावून सुतळीनं बांधायचं काम होतं.

"आज रूपालीकडे नंबर नव्हता का?" तोतारामनं विचारलं.

"व्हता."

"मंग?"

"मंग काय? तुम्ही बांबू धरा."

ती गाठी मारत पुढे चालली. तोताराम मागून येत होता. दहाबारा झाडं झाल्यावर तिनं वळून पाहिलं तर तो तिच्या गाठी सोडून पुन्हा करकचून बांधत होता. "सैल राह्यल्या जराशा," तो म्हणाला. इंदिराबाईला त्याचा राग आला नाही. शेतात कोण बघायला होतं?

गुरुवारी सकाळी तिनं दादर निवडली, धुतली आणि मोठ्या पातेल्यात भिजत घातली. पंधरा शेर.

"आई, बाया येतीन का?" मयुरीनं विचारलं.

"नंबर हाये आपला."

"पण पोळपाट तं तुम्ही घरी आणला."

"तुले कोणं सांगतलं त्याच्यात पडाले?"

इंदिराबाईला नऊ घरी पाटावर बसून लाटलेलं आठवत होतं, चटके आठवत होते. शुक्रवारी पितांबरच्या घरी अकरावा नंबर; तिथून दुपारी थप्पी आपल्या ओसरीत यायला पाहिजे. आली तर आपण या बायांच्यातल्या. नाही आली तर नाही. त्यापुढे बिबडे म्हणजे काय, भुसावळला मिळतात. पण ज्या ओसरीत थप्पी येत नाही त्या ओसरीत पुढे उठायबसायलाही कोणी येत नाही, हे तिनं त्या चार घरी पाहिलं होतं. तिला भीती वाटत होती ती याची.

शुक्रवारी तिनं ओसरी सारवली. दुपार झाली. सारवण वाळून पांढरं पडलं. ऊन ओसरीतून उतरून रस्त्यावर गेलं, तरी कोणी आलं नाही. पाणी भरून आलेल्या मयुरीनं सांगितलं, "आई, पितांबर भाऊच्या घरून सगळ्या आपापले पोळपाट घरी घेऊन गेल्या म्हने."

थप्पी मोडली होती. मोसम संपला की मोडतात तशी.

जेवताना तोताराम म्हणाला, "मी जाऊन भिकुबाईले सांगू का?"

"नंबर काही सांगून लागत नही."

"मंग त्या पंधरा शेराचं काय करते?"

ओल्या दादरला आता आंबूस वास सुटला होता. ती मागे घेता येत नव्हती. शनिवारी इंदिराबाईनं ती निथळली, सावलीत कोरडी केली आणि डोक्यावर घेऊन गिरणीत गेली. तिथे पितांबरची बायको गव्हाचं दळण घेऊन उभी होती. तिनं इंदिराबाईकडे पाहिलं, मग गिरणीच्या पट्ट्याकडे पाहायला लागली, आणि दळण होईपर्यंत तो पट्टा बघत राहिली. जसं काही तिनं जन्मात पट्टा पाहिला नव्हता! इंदिराबाईचं पीठ गरम गरम डब्यात पडलं. घरी येईपर्यंत डबा दोनदा हातातून निसटता निसटता राहिला.

रविवारी पहाटे तिनं चूल पेटवली. आधण आलं, मयुरीनं मीठ-मसाला टाकला, आणि घाटा हाटायला कोणी नाही म्हणून लाकडी दांडा तोतारामनं हातात घेतला. तीस वर्षं केळी लावलेला माणूस. गव्हाणीत ढेप कालवावी तसा तो घाटा कालवायला लागला. गुठळ्या झाल्या. "हाटा, खाली लागून राह्यलं," इंदिराबाई ओरडली. "हाटतो तं आहे," तो म्हणाला. दोघी बायांनी दीडशे बिबडे कधी लाटून व्हायचे, याचा हिशेब तिनं मनात करून पाहिला नाही.

तेवढ्यात दारात भिकुबाई उभी राहिली. काखेत स्वतःचा पोळपाट.

"बाप्याच्या हातात कोणं देला वं दांडा?" ती म्हणाली आणि आत येऊन बसली. तोताराम दांडा टाकून सुटका झाल्यासारखा शेताकडे गेला. मग दुसरी आली. तिसरी आली. प्रत्येकीच्या काखेत आपापला पोळपाट. एकेक करून, वेगवेगळ्या आल्या. इंदिराबाई चुलीपाशी बसून मोजत होती. आठ झाल्या, नऊ झाल्या. ज्या नऊ घरी ती राबली होती, तेवढ्याच. पितांबरची बायको आली नाही. तिच्या घरी ही गेली नव्हती. बरोबरच होतं. आणि मग दहावी रूपाली आली आणि कोपऱ्यात, शेजारी इंदिराबाईएवढी जागा सोडून, बसली.

जिचा नंबर ती चुलीपाशी, असा रिवाज. त्यामुळे लाटायचा प्रश्न नव्हता. इंदिराबाईनं दोन्ही हातांनी दांडा धरून घाटा सारखा केला, मयुरीनं लाट्या दिल्या, बाया लाटत गेल्या. एरवी या वेळी अख्ख्या गल्लीची धुणी धुतली जायची. आज फक्त लाटण्यांचा आवाज होता. कोणी मीठ चाखून पाहिलं नाही, कोणी कोणाच्या सुनेबद्दल बोललं नाही. नऊ वाजता अंगणातल्या चारही खाटा भरल्या. इतक्या लवकर कधी उरकलं नव्हतं.

बाया पोळपाट धुवायला लागल्या. इंदिराबाईनं ताटल्या मांडल्या, घाटा वाढला, तेलाचा गडवा काढला. तोवर भिकुबाईनं पोळपाट पदराला पुसून काखेत घातला होता.

"येते वं."

"अन् घाटा?"

"पोट भरेल हाये."

भिकुबाईचं पोट भरलेलं! इंदिराबाईला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं.

"तू नऊ घरी राबली," भिकुबाई म्हणाली. "ते फिटलं. आम्ही काही कोणाचं ठेवणाऱ्या नही."

बाकीच्याही उभ्या होत्या. ताटल्यांतून वाफ वर जात होती. इंदिराबाईनं एकेकीकडे पाहिलं. नऊ जणींचं बरोबर होतं. त्या कामाच्या बदल्यात काम देऊन चालल्या होत्या. तिची नजर रूपालीवर थांबली. ती फडकं पिळत होती.

"तुह्या घरी तं मी आलीच नही," इंदिराबाई म्हणाली. "तू कशाले आली?"

रूपालीनं फडकं झटकलं. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. का आलीस, का गेलीस, असं या गल्लीत कोणी कोणाला विचारलं नव्हतं. मग विचारलंच आहे, तर इंदिराबाईला पुढचंही सांगणं भाग पडलं.

"पोळपाटाचा पाय नही निघाला. खोटं बोलली मी." तिनं मनगटाची चिंधी सोडली. खाली ना जखम होती ना काही. "हात गेला हा. दिवायीच्या तापात गेला. लाटणं धरता येत नही मले, भाकर बी थापता येत नही."

खाटेवरचा एक बिबडा वाऱ्यानं कडेला उचलला गेला, तो मयुरीनं दाबला.

"माले माहीत शे, अक्का," रूपाली म्हणाली. "पह्यल्या घरपाईन."

पहिल्या घरापासून. नऊ घरं, घरटी पंधरा-वीस बिबडे, प्रत्येक फडकं खाटेकडे नेताना वाटेत दोन लाटणी. बाया उन्हात धरून बघत होत्या, सूर्य दिसतो म्हणत होत्या, ते कोणाच्या हातचं होतं हे तिला आता कळलं. नवव्या घरी तिनं ते पकडलं आणि पोरीचं माहेर काढलं. तिला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज तिला हात गेल्याची सुद्धा वाटली नव्हती.

"मंग बोलली कावून नही?"

"तुम्ही तरी कोठे बोलनात?"

भिकुबाईनं काखेतला पोळपाट काढला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

"आदुगर सांगती तं खाटीवर बसवली असती तुले, बिबडे उलटाले," ती खाली बसत म्हणाली. "मरेपर्यंत लाटलंच पाह्यजे, असं कोणं लिहून ठेवलं? आण इकडे ताटली. थंडा झाला असन तं तुहं काही खरं नही."

ती बसली म्हणून दुसरी बसली. एकीला शेतात भाकर पोचवायची होती, ती तशीच गेली. बाकीच्या भिंतीशी ओळीनं टेकल्या. रूपाली सगळ्यात शेवटी बसली, दाराजवळ, अर्धी बाहेर.

इंदिराबाईनं तेलाचा गडवा उचलला. मयुरी तो घ्यायला पुढे आली, पण तिनं सुनेला कोपरानं बाजूला केलं आणि उजव्या हातानंच ओळीनं धार धरत चालली. चिंधी नसलेलं मनगट सगळ्यांना दिसत होतं. भिकुबाईच्या ताटलीत तेल जरा जास्तच पडलं, तिची तक्रार नव्हती. रूपालीपाशी येईपर्यंत मनगट पार सुटलं, आणि धार ताटलीच्या बाहेर सारवणावर पडायला लागली.

रूपालीनं वर पाहिलं नाही. तिनं ताटली उचलली आणि धार पडत होती तिथे सरकवली.